आबांचा उजवा कान

दिवाळी सरते, दारातली रांगोळी पुसट होते आणि इंदुरीच्या बाजूनं कापलेल्या भाताचा वास यायला लागतो. ओलसर, किंचित गोड, ताज्या पेंढ्याचा आणि वाळत आलेल्या चिखलाचा मिळून झालेला. लोकांना या वासानं भूक लागते. मला हेवा वाटायला लागतो. कुणाचा, तर माझ्या वहिनीचा, जी आता या जगात नाही आणि जिनं माझं कधी काही वाईट केलं नाही. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. माझे केस पिकले, दात गेले, रागसुद्धा बराच गेला. हा हेवा मात्र दर कापणीला नव्यानं येतो, आणि खरं सांगायचं तर मीच त्याला दार उघडून आत घेते.

लढाईची वर्षं होती. आमची शेती इंदुरीला, पण आम्ही राहायचो लोणावळ्यात, रेल्वेच्या चाळीत. आबा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये बॉयलरच्या कामावर होते. बॉयलरच्या पोटात शिरून बसायचं आणि बाहेरून दुसरा माणूस घण घालत असताना आतून लोखंड धरून ठेवायचं, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. त्यातच त्यांचे कान गेले. डावा पार गेला, उजवा अर्धामुर्धा उरला. डॉक्टरनं सांगितलं की यात बारीक आवाज आधी जातात. तसंच झालं. आधी चिमण्या गेल्या. मग आईच्या बांगड्या, कपबशी, दाराची कडी. मग मी.

माझा आवाज बारीक होता आणि त्याचा मला गर्व होता. शाळेत प्रार्थना मी सांगायचे. आबांना संगीत नाटकाचं वेड. रेल्वेच्या पासावर पुण्याला जाऊन नाटक बघायचे आणि परतीच्या गाडीत पदांच्या चाली घोटत यायचे. ती पदं त्यांनी मला शिकवली. रविवारी सकाळी मला खाटेवर बसवायचं, स्वतः खाली बसून मांडीवर ताल धरायचा आणि पद संपलं की घरातल्या घरात ओरडायचं, "वन्स मोअर!" मी तेच पद पुन्हा म्हणायचे. पुढं पुढं ते माझ्या ओठांकडे बघायला लागले, ताल चुकवायला लागले, आणि मग एका रविवारी त्यांनी खाट उन्हात टाकली ती टाकलीच. माझं गाणं तिथंच थांबलं. त्यानंतर आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायला लागलो. पाटीवर लिहिण्याचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. म्हणजे गाणं गेलं तरी जागा माझीच राहिली होती. मी त्यातच समाधान मानून घेतलं होतं.

त्या वैशाखात दादाचं लग्न झालं आणि पवन मावळातल्या तिकोणा पेठेची वहिनी घरात आली. उंच, काळीसावळी, हाताला घट्टे. अक्षरओळख नाही. आवाज पुरुषासारखा जाड, छातीतून निघणारा, थोडा घोगरा. डोंगरउतारावरच्या खाचरांत या बांधावरून त्या बांधावर हाका मारून तो तसा झाला असावा. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसले. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामंजी, भाकरी वाढलीया," आणि बाहेर व्हरांड्यातून आबा म्हणाले, "आलो." आई पळी हातात धरून तशीच उभी राहिली. दोन वर्षांत घरातल्या कुणाच्या हाकेला आबांनी ओ दिली नव्हती. ते आत आले, पाटावर बसले आणि सगळ्यांकडे बघून लहान मुलासारखे हसले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळं होतं.

वहिनी खाली बसून तांदूळ निवडत निवडत त्यांच्याशी बोलायची. काय तर म्हशीचं, पावसाचं, पवनेच्या पुराचं. माझ्याकडे सांगण्यासारखं केवढं होतं! मी मॅट्रिकला होते, इंग्रजी वाचत होते. पण मला पाटी लागायची, आणि पाटीवर माणूस कामापुरतंच लिहितो.

दिवाळीनंतर रेल्वेच्या हॉलमध्ये एक इंग्रजी बोलपट आला. दर शनिवारी संध्याकाळी खेळ असायचा. पुढं खुर्च्यांवर साहेबलोक आणि त्यांच्या मडमा, मागं बाकांवर आम्ही. मी जाहिरात वाचून आले आणि पाटीवर लिहिलं, 'हे आधी न्यूयॉर्कला नाटक होतं. फार गाजलं. आता त्याचा बोलपट केलाय. गाणी पुष्कळ.' आबांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे संगीत नाटकच की!" ते म्हणाले. "मग बघायलाच पाहिजे. पण मला काय कळणार? अंधारात पाटी कशी वाचू?"

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि मग त्यांच्या उजव्या कानाकडे दाखवलं. मी सांगेन. किती दिवसांनी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सहामाही परीक्षेत इंग्रजीत पहिली आले होते तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

गोष्ट साधीच होती. समुद्राकाठच्या गावात एक मुलगी टोप्या विकते. तिच्यावर दोघांचं प्रेम, एक खलाशी आणि एक बँकवाल्याचा मुलगा. बोलता बोलता मध्येच सगळे गायला लागतात. पुढं बसलेल्या फोरमनच्या मडमेला ते काही पटेना. ती नवऱ्याला सारखी म्हणत होती, ही माणसं सरळ बोलत का नाहीत? मागच्या बाकांवर कुणालाच प्रश्न पडला नाही. मनात दाटून आलं की माणसानं गायचंच असतं, हे आम्ही नाटकात बघत आलो होतो. गणवेशातले गँगमन, त्यांच्या बायका, सगळे आपल्याच गावचं असल्यासारखे बघत होते. मी आबांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगायला सुरुवात केली.

"काय?" आबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं," ते म्हणाले. मी मोठ्यानं सांगितलं, तर पुढून 'शूऽऽ' आलं. मोठ्यानं बोलले की माझा आवाज आणखीच चिरका व्हायचा. आबांचा चेहरा पडद्याच्या उजेडात दिसत होता, नुसता वाट बघणारा. आमच्याबरोबर आलेली, माझ्या पलीकडे बसलेली वहिनी माझ्या मांडीवरून वाकली. "वन्सं," ती म्हणाली, "काय म्हनती ती? मला सांगा. मी सांगते त्यास्नी."

मी उठले आणि आम्ही जागा बदलल्या. इतकी साधी गोष्ट. त्यानंतर पडद्यावरचं इंग्रजी माझ्या कानात, माझं मराठी वहिनीच्या कानात आणि वहिनीचं मावळी आबांच्या उजव्या कानात, अशी ती वाट पडली.

टोपीवाली बँकवाल्याच्या मुलाला लांबलचक काही म्हणाली. मी नीट भाषांतर केलं, "ती म्हणते, तुमच्या प्रेमाचा मला आदर आहे, पण विचार करायला मला थोडा अवधी द्या."

वहिनी आबांकडे वळली. "मामंजी, ती म्हनती, बगू."

आबा खदखदून हसले. मग चाळीस पोरी एका ओळीत नाचायला आल्या. तिथं भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प होते. वहिनी मात्र बोलतच होती. "बाया बगा, मामंजी, भात लावायला उतरल्यावाणी एकदम वाकत्यात. पर एकीच्या बी हातात रोप न्हाई." आबांनी डोळे पुसले. "अगं, मारतेस का काय हसवून," ते म्हणाले. मेहनत माझी आणि हसू तिच्या पदरात. माझा तिळपापड झाला.

खलाशाचं एक गाणं होतं, खर्जातलं, मागं मोठी पितळी वाद्यं आणि ढोल. ते मात्र आबांना सरळ ऐकू आलं. कुणाच्या मध्यस्थीशिवाय. त्यांचं अंग ताठ झालं, हात मांडीवर ताल धरू लागला, आणि गाणं संपल्याबरोबर ते बाकावरून उठून ओरडले, "वन्स मोअर!" सगळ्या खुर्च्या मागं वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पडद्यावरच्या माणसाला कोण वन्स मोअर देतं? पण गँगमन मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आणखी चार आवाज उठले, मग दहा. रीळ संपल्यावर दिवे लागले तेव्हा ऑपरेटरनं यंत्राच्या खोलीच्या भोकातून डोकं बाहेर काढून बघितलं. तोही नाटकवेडा असावा. त्यानं ते रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. आबा दुसऱ्यांदा ऐकत होते तेव्हा मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांच्याकडे बघत होते.

लढाईमुळे पुढचं चित्र वेळेवर येईना, म्हणून तेच चित्र सहा शनिवार चाललं. सहाही शनिवार आम्ही गेलो. आई एकदा आली आणि झोपली. घरी गेल्यावर ती मला म्हणाली, "सून सासऱ्याच्या कानाला लागलीया, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "बोल ना तू वहिनीला." मला खरंच वाटत होतं की तिनं बोलावं. आई म्हणाली, "पर हसत्यात गं किती."

रविवारी आम्ही इंदुरीला कापणीला जायचो. गाडीनं तळेगाव, तिथून पायी. पहाटेचं धुकं इंद्रायणीवरून उठून खाचरांत पसरलेलं असायचं आणि दवानं लोंब्या जड झालेल्या असायच्या. माझ्या हातात विळा नीट बसायचा नाही. मी पेंढ्या बांधायचे आणि त्याही सुटायच्या. वहिनी पुढच्या ओळीत. सपसप विळा चालवत ती बायकांना तोच बोलपट सांगायची. एक ओळ कापून झाली की बायका कंबर सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "मग त्या टोपीवालीचं काय झालं गं?" आवाज या टोकापासून नदीपर्यंत जायचा. मी अर्थ सांगितला नसता तर हिला काय सांगता आलं असतं, असं माझ्या मनात यायचं. मग मी एकदा सांगून बघितलं. अगदी बरोबर, क्रमवार सांगितलं. बायकांनी मान डोलावली, आणि एक मावशी म्हणाली, "लय शिकलीया पोरगी." आणि पुढं वाकून कापायला लागली.

आणि वहिनी बरोबर तरी कुठं सांगत होती! दर शनिवारी गोष्ट बदलायची. तिसऱ्या शनिवारी बँकवाल्याच्या मुलाला दोन लग्नं झालेली निघाली. चौथ्या शनिवारी टोपीवालीला एक आजारी बाप मिळाला, जो चित्रात कुठंच नव्हता. त्याच्यासाठी म्हणे ती गाव सोडून खलाशाबरोबर जात नव्हती. मी तिला कोपरानं ढोसलं. "असं नाहीये ते, वहिनी."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर दर येळी त्येच त्येच काय सांगायचं त्यास्नी?"

घरी जाताना आबा तिला त्या बापाबद्दल विचारत होते. त्याला खोकला आहे की काय, औषध कोण देतं. मी मागून पाटी घेऊन चालत होते. पाटीवर लिहून टाकावं, हे सगळं खोटं आहे, असं फार वाटलं. लिहिलंही. मग घर यायच्या आत पुसलं. चांगुलपणामुळे नव्हे; आबा माझ्यावर चिडतील म्हणून.

मध्यंतरी, म्हणजे आता म्हातारपणी, भाच्याच्या घरी टीव्हीवर ते चित्र लागलं. मी हटून बसून पूर्ण बघितलं. टोपीवाली माझ्या आठवणीपेक्षा बुटकी होती. तिची प्रेमाला आदर देणारी वाक्यं आली आणि माझ्या मनात आपोआप उमटलं, ती म्हनती, बगू. पोरी नाचायला आल्या आणि मला रोपं दिसली. शेवटपर्यंत मी तिच्या आजारी बापाची वाट बघत होते. म्हणजे इंग्रजी मी समजून घेतलं, भाषांतर मी केलं, आणि माझ्याच डोक्यात राहिलं ते वहिनीचं. टीव्ही बंद झाल्यावर भाचेसून म्हणाली, "आत्या, मजा आली ना?" मी हो म्हटलं. 

वहिनीला हे कधी कळलं नाही. पुढं तिनं माझी बाळंतपणं केली, माझ्या आजारपणात माझ्या उशाशी बसली. त्या एका शुक्रवारबद्दल मी तिला सांगू शकले असते. पुष्कळदा ओठांवर आलं होतं.

सहाव्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ तिकोणा पेठेहून तिला न्यायला आला. त्यांच्याकडे भात उभंच होतं आणि हात कमी पडत होते. आबा शेडमध्ये होते. आई म्हणाली, "ह्यांना इचारल्याबिगर कशी धाडू? उद्याचा दिस जाऊ द्या." तेवढ्यात मी पुढं झाले. "मी विचारलंय आबांना," मी म्हटलं. "त्यांची काही हरकत नाही." खोटं बोलताना माझा आवाज अगदी मंजुळ येतो. वहिनीनं लुगड्याचं गाठोडं बांधलं, चप्पल घातली आणि दारात थांबली.

"वन्सं, उद्या शेवटला खेळ हाय. त्यास्नी कोन सांगंल?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. तिला काही कळलं असेल का, हे मी अजून स्वतःला विचारते. "व्हय," ती म्हणाली, "तुमी हायसाच की." आणि भावाच्या मागून स्टेशनाकडे गेली.

संध्याकाळी मी पाटीवर लिहिलं, 'वहिनी माहेरी गेली. कापणीला.' आबांनी वाचलं आणि तळहातानं पाटी पुसली. दुसरी भाकरी घेतली नाही. शनिवारी म्हणाले, "जाऊ दे गं, चित्र पाठ झालंय आता." मी ऐकलं नाही. त्यांचा कोट आणला, टोपी आणली, हाताला धरून नेलं. हॉलमध्ये मी त्यांच्या उजव्या हाताला बसले. मध्ये कुणी नाही. दिवे गेले.

मी मन लावून सांगितलं. एक वाक्य सुटू दिलं नाही. कानाला ओठ टेकवून, सावकाश, शब्द तोडून तोडून. आबा मान हलवत होते. "हां. हां. बरं," म्हणत होते. मला वाटलं, जमलं. इतके दिवस मला कुणी नीट संधीच दिली नव्हती, असंही वाटलं. मध्यंतराच्या जरा आधी ते माझ्याकडे वळले.

"आणि तिच्या बापाचं काय झालं?"

"तिला बापच नाहीये, आबा," मी म्हटलं. "चित्रात बाप नाहीच आहे."

"अस्सं," आबा म्हणाले. "बरा झाला ना? छान झालं." आणि माझा हात थोपटला.

तेव्हा मला कळलं की त्यांना एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. सुरुवातीपासून. ते मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवत होते. पडद्यावर खलाशी गलबतावर चढत होता, टोपीवाली धक्क्यावर उभी होती, आणि माझे आबा नुसत्या हलणाऱ्या चित्रांकडे बघत माझ्यासाठी हसरा चेहरा करून बसले होते. मी वहिनीला पाठवलं नसतं तर ते आत्ता खरंच हसत असते. मला रडू फुटत होतं आणि त्या क्षणीसुद्धा, देवाशपथ सांगते, वहिनीचा हेवा कमी झाला नव्हता. उलट वाढला होता.

मी हनुवटी खाली घेतली. श्वास पोटापर्यंत ओढला आणि जिथून ती बोलायची तिथून, छातीतून, जाड करून आवाज काढला. शब्दही तिचेच घेतले. "मामंजी, त्यो चढला बगा नावंवर. आन ही हुबीच हाय येड्यावाणी."

आबा दचकले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ते माझ्याकडे कलले, उजवा कान अगदी जवळ आणला. किती वर्षांनी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

"सूनबाई?" ते म्हणाले. "कधी आलीस गं?"

मी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. "ही काय, आत्ताच आले, मामंजी," मी म्हटलं.